बांगडीचा आलेख शून्यातून का जात नाही? (सातवी विज्ञान, मापन आणि आलेख)

फूटपट्टी
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. मापनाचा धडा झाला की आमची सातवीची मुलं राशी, एकक, एमकेएस, सीजीएस सगळं घडाघडा म्हणतात, पण हातात पट्टी दिली की थेट कडेपासून मोजायला लागतात. शून्याची रेघ कडेच्या चार-पाच मिमी आत असते हे कुणी बघतच नाही. आणि आलेख म्हणजे तर चित्रकलेचा तास, शिसपेन्सिलला टोक काढण्यात निम्मा वेळ जातो.

यंदा ठरवलं की आलेखासाठी पुस्तकातले तयार आकडे द्यायचे नाहीत, मुलांनी स्वतः मोजलेलेच घ्यायचे. साहित्य काय तर बांगड्या, सगळ्या घरी असतात आणि खर्च शून्य. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ आणि दोन-दहा अशा चार मापांच्या काचेच्या बांगड्या प्रत्येक गटाला. व्यास मोजायला पट्टी बांगडीवर आडवी ठेवून हळूहळू वर सरकवायची, आकडा वाढत जातो आणि मग परत कमी व्हायला लागतो, त्यातला सगळ्यात मोठा आकडा तो व्यास. परिघासाठी कागदाची बारीक पट्टी बांगडीला बाहेरून गुंडाळायची, जिथे एकावर एक येते तिथे टाचणीने भोक पाडायचं, मग पट्टी सरळ करून दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. व्यास एक्स अक्षावर, परीघ वाय अक्षावर.

ठिपके बरे आले, साधारण सरळ रेषेत. मी म्हटलं आता रेषा मागे वाढवा, बघू कुठे जाते. शून्यातून जाईल अशी माझी अपेक्षा. तर कुणाची वाय अक्षाला ५ वर कापते, कुणाची २५ वर, पण शून्यावर एकाही गटाची नाही, सगळ्या वरच. एका मुलीने विचारलं, बाई, शून्य व्यासाच्या बांगडीला परीघ कुठून आला? वर्गात हशा पिकला पण प्रश्न बरोबर आहे ना. पट्ट्या तपासल्या, ठिपके तपासले. काय उत्तर देऊ?

तिरशिंगराव
शून्य व्यासाची बांगडी म्हणजे डाएट करणाऱ्यांसाठी नवीन फॅशन असेल. असो. मुलगी हुशार आहे, तिला पहिला नंबर द्या.

टूलरूम
ताई, एक विचारतो, व्यास आतला घेतला की बाहेरचा? तुम्ही लिहिलंय त्यावरून परीघ बाहेरचा आहे कारण कागद बाहेरून गुंडाळला. पट्टी मात्र मुलं बहुतेक आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत वाचत असणार, कारण बांगडीचं माप म्हणजे हात जाणारं भोक असंच सगळ्यांच्या डोक्यात असतं.

तसं असेल तर हिशोब सोपा आहे. काचेची जाडी समजा २ मिमी, मग बाहेरचा व्यास आतल्यापेक्षा ४ मिमीने जास्त, आणि परीघ ४ गुणिले पाय (π, साधारण ३.१४) म्हणजे साडेबारा मिमीने जास्त. आणि हे साडेबारा प्रत्येक बांगडीला सारखेच लागणार, लहान असो की मोठी. म्हणून अख्खी रेषाच साडेबाराने वर उचलली गेली. उतार बदलला नाही, फक्त उंची बदलली.

आमच्याकडे (एमआयडीसीत क्वालिटीला आहे) याला सरळ झिरो एरर म्हणतात. व्हर्नियरचे (जबड्यात वस्तू धरून बारीक माप घ्यायचं साधन) जबडे मिटल्यावर शून्यावर शून्य नसेल तर प्रत्येक रीडिंग तेवढ्यानेच चुकतं. एका जॉबच्या (म्हणजे तपासायला आलेल्या सुट्या भागाच्या) एका रीडिंगवरून ते कधीच कळत नाही, पाच-सहा जॉब मोजून आलेख काढला की लगेच दिसतं.

काकण
आमच्या माहेरी कासाराचा धंदा म्हणून लिहितेय. फूटपट्टी ताई, मुलांना मापाचा आकडा सांगताना जपून हां. २.४ असं लिहिलेलं असतं पण ते दशांश चिन्ह नाहीये! दोन इंच आणि वर चार सोळांश इंच असा त्याचा अर्थ, म्हणजे सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच. म्हणून तर दोन-आठच्या नंतर दोन-दहा येतं आणि ते दोन-आठपेक्षा मोठं असतं. गणिताच्या नियमाने २.१० हे २.८ पेक्षा लहान, आमच्या दुकानात मोठं.

आणि हो, माप आतल्या व्यासाचंच असतं, हात जायला पाहिजे ना. टूलरूम दादा बरोबर बोलतायत.

मिमीत हवं असेल तर दोन-चार ५७, दोन-सहा ६०, दोन-आठ साडेत्रेसष्ट, दोन-दहा साडेसहासष्टच्या जरा वर. प्रत्येक मापाला तीन मिमीपेक्षा थोडं जास्त वाढतं.

जर्सीकर
काकण, अरे वा, हे माहीतच नव्हतं! इथे अमेरिकेत शाळेच्या पट्टीवर इंचाचे सोळा भाग असतात आणि माझी लेक ते मोजताना रोज वैतागते. आता तिला म्हणणार की आजीच्या बांगडीचं माप या पट्टीवर थेट वाचता येतं, दोन इंच आणि पुढे चार रेघा. मिमीवाल्या पट्टीवर ते जमत नाही. इंचाचा एवढा एकच फायदा सापडलाय मला आजवर.

तिरशिंगराव
सोळा आणे रुपया गेला १९५७ साली, बांगडीत अजून राहतोय.

फूटपट्टी
टूलरूम दादा, अगदी तसंच होतं. आज बाहेरचा व्यास पण मोजायला लावला. ५७ च्या बांगडीचा बाहेरून ६१ आला. मुलांना काही न सांगता दोन्ही रेषा एकाच कागदावर काढायला सांगितल्या, आतला व्यास निळ्याने, बाहेरचा लाल पेनाने. दोन समांतर रेषा! लाल जवळजवळ शून्याकडे जाते, निळी वर. त्या मुलीला उत्तर द्यावंच लागलं नाही, तीच म्हणाली, बाई, आतून मोजलं आणि बाहेरून गुंडाळलं म्हणून. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला की म्हणजे जाडी आलेखावरून काढता येईल, बांगडी न मोजता. मी थक्क.

पण एक गोष्ट अजून अडते. सगळ्या बांगड्या एकाच दुकानातल्या, जाडी सारखीच, मग एका गटाचं ५ आणि दुसऱ्याचं २५ असं का? सगळ्यांचं साडेबाराच्या जवळपास यायला पाहिजे ना.

बीकर
मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो, आता रिटायर्ड. ताई, तुमचे चारही ठिपके एकाच कोपऱ्यात दाटीने बसलेत. सगळ्यात लहान व्यास ५७, सगळ्यात मोठा ६७, म्हणजे फरक १० मिमीचा, आणि तिथून शून्य पडलं ६० मिमी लांब. आता कागदाची पट्टी जरा सैल गुंडाळली म्हणून एका टोकाचा परीघ १ मिमी जास्त आला आणि दुसऱ्या टोकाचा ओढून गुंडाळल्याने १ मिमी कमी आला असं धरा. १० मिमीत २ मिमीचा फरक, म्हणजे उतारात ०.२ चा फरक. ती रेषा ६० मिमी मागे नेली की शून्यापाशी १२ मिमीचा फरक पडतो. तुमचे ५ आणि २५ त्यातूनच आलेत. मुलांनी वाईट मोजलेलं नाही, उलट एक मिमीपर्यंत मोजलंय म्हणजे चांगलंच मोजलंय.

उपाय एकच, ठिपके पसरवा. बाळाच्या बांगड्या घ्या.

काकण
हो, लहान मुलींची एक-आठ मिळते, दीड इंच, ३८ मिमी. दोनची पण मिळते, ५१ मिमी. पण एकाच बनावटीच्या बघून घ्या, बाळाच्या बऱ्याचदा बारीक काचेच्या असतात, मग जाडीच वेगळी आणि तुमचं साडेबाराचं गणित फिसकटेल.

लोकलमधली
धागा आवडला. माझा मुलगा सातवीत, वेगळ्या बोर्डाच्या शाळेत. त्याच्या शाळेत (नाव नको) आलेखाला पाच मार्क, नाव, अक्ष, प्रमाण, ठिपके, रेषा असा एकेक. परवा याचे दोन कापले कारण रेषा सगळ्या ठिपक्यांतून गेली नव्हती. बाईंचं म्हणणं ठिपके जोडायलाच पाहिजेत. आता इथे वाचल्यावर वाटतंय की ठिपके जोडत बसलं तर ते बांगड्यांचं काही कळलंच नसतं. कुणाचं बरोबर?

बीकर
मोजलेल्या आकड्यांचा आलेख असेल तर तुमच्या मुलाचं बरोबर. ठिपका म्हणजे मोजमाप, आणि प्रत्येक मोजमापात थोडी चूक असते. ठिपके एकेक जोडले तर करवतीच्या दात्यांसारखी रेषा येते, तिचा अर्थ असा होईल की व्यास वाढताना परीघ मधेच भराभर वाढतो मधेच थबकतो. बांगडी असं काही करत नाही. काही ठिपके रेषेच्या वर, काही खाली, साधारण सारखे, अशी रेषा काढायची. पट्टीने काढताना पट्टीखाली निम्मे ठिपके झाकले जातात म्हणून मी पोरांना काळा दोरा द्यायचो. दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, तिसऱ्याने वरून बघून सांगायचं किंचित वर घे, खाली घे. पटलं की दोन्ही टोकांना खूण आणि मग पट्टी.

खडू_डस्टर
सगळं छान आहे हो पण वास्तवात या जरा. माझ्या वर्गात ६० मुलं, तास ३५ मिनिटांचा, त्यात हजेरी, दोन वह्या तपासायच्या, एक जण पाणी प्यायला गेलेला. आलेख कागद प्रत्येकी एक दिला तर निम्मे फाटतात. परीक्षेत येतो तयार तक्ता आणि त्यावरून आलेख. मग बांगड्या गुंडाळत बसून अभ्यासक्रम कधी पुरा करायचा? आधी अक्ष आणि प्रमाण तर नीट येऊ दे.

फूटपट्टी
सर, तुमचं खोटं नाही. माझे ४२ आहेत, मी दोन तास जोडून घेतले आणि सात-सात जणांचे सहा गट केले, आलेख कागद गटाला एक. सगळ्यांना सगळं करायला मिळालं नाही हे मान्य. पण अक्ष आणि प्रमाणाचं म्हणाल तर तिथेच मला हा प्रयोग कामाला आला. ऐका.

तयार तक्ता दिला की आमची मुलं काय करतात, तक्त्यातले आकडेच ओळीने अक्षावर लिहितात. पहिल्या सेमीवर ५७, दुसऱ्यावर ६०, तिसऱ्यावर साडेत्रेसष्ट. वाय अक्षावर तसंच, १९२, २०२, २१२. मग ठिपके द्यायचे, पहिल्यावर पहिला, दुसऱ्यावर दुसरा. आणि रेषा कशी येते? एकदम सरळ, कोपऱ्यातून कोपऱ्यात. मुलं खूश, आई-बाबा खूश.

टूलरूम
हाहा, म्हणजे दोन्ही बाजूला वाढत्या क्रमाने आकडे मांडले की जगातला कुठलाही आलेख सरळ रेषाच! उसाची उंची घ्या, सोन्याचा भाव घ्या. प्रत्येक वेळी ४५ अंश.

फूटपट्टी
तेच! आणि हे पुस्तकातल्या तक्त्यात लपून जातं, कारण तिथे आकडे बहुधा ५, १०, १५, २० असे सारख्या अंतराने असतात. मूल चुकीचं काढतं आणि बरोबर येतं. आमच्या बांगड्यांत जेव्हा एक-आठची आणि दोनची बांगडी आली तेव्हा व्यास झाले ३८, ५१, ५७, ६०, साडेत्रेसष्ट, ६७, आता हे आकडे सारख्या अंतरावर लिहिले तर चूक डोळ्यांना दिसते.

व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे. एका ओळीला खडूने ०, १०, २०, ३० असे आकडे टाकले, एक फरशी म्हणजे १० मिमी. सहा मुलींना एकेक बांगडी देऊन आपापल्या आकड्यावर उभं राहायला सांगितलं. ३८ वाली एकटी लांब उभी, बाकीच्या पाचजणी पुढे एकमेकींना खेटून, ५७ आणि ६० वाल्यांना तर एकाच फरशीत उभं राहायला जागा पुरेना. मग मी म्हटलं आता अक्ष काढा. तेव्हापासून अक्षावर तक्त्यातले आकडे लिहिणं बऱ्यापैकी थांबलंय. सगळ्यांचं नाही, पण बऱ्यापैकी.

प्रमाण एक्सला १ सेमी म्हणजे १० मिमी, वायला १ सेमी म्हणजे २० मिमी. दोन्ही शून्यापासून. एका गटाने हुशारी करून एक्स अक्षावर नागमोडी खूण करून ५० पासून सुरू केलं आणि म्हणाले आमची रेषा १७० वर कापते. शिकवणीला शिकलेत नागमोडी काढायला. त्यांना समजावता समजावता तास संपला, की बाबांनो तो उभा अक्ष ५० वर उभा आहे, शून्यावर नाही.

खडू_डस्टर
फरशीचं आवडलं. ते ३५ मिनिटांत होईल. बांगड्या तुम्हाला लखलाभ.

बीकर
प्रमाणाबद्दल एक जुनं दुखणं. १ सेमी म्हणजे ३ किंवा १ सेमी म्हणजे ७ असं प्रमाण कुणी घेऊ देऊ नका. कागदावर सेमीचे दहा बारीक भाग असतात, ३ ला दहाने भागून एक घर म्हणजे ०.३, मग ५७ कुठे टाकायचा ते शोधण्यात पोरगं रडकुंडीला येतं. १, २, ५ आणि त्यांच्या पुढे शून्य, एवढंच.

सड्यावरचा
रत्नागिरीकडून. आमच्याकडे मोजायला एकच गोष्ट, पाऊस. थंड पेयाची प्लास्टिकची बाटली वरून कापायची, वरचा तुकडा उलटा करून फनेलसारखा आत बसवायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची. बाटलीचं बूड गोळ्यागोळ्यांचं असतं म्हणून आधी सरळ भागापर्यंत पाणी भरून तिथे पट्टीचं शून्य आणायचं, नाहीतर पहिले दोन-तीन सेमी खोटे. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, हवामान खात्याची पण तीच वेळ. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे कळल्यावर मुलं शाळेच्या छपराचा हिशोब करतात.

इथे मात्र रेषा काढू देत नाही, स्तंभालेखच. सोमवारचा पाऊस आणि मंगळवारचा पाऊस जोडणारी तिरकी रेघ कशाची? मधल्या रात्री साडेबाराचा पाऊस ती रेघ सांगत नाही. बांगडीत ५८ मिमी व्यास असू शकतो म्हणून रेषेला अर्थ आहे.

प्रमाण शिकवायला मुंबईचं उदाहरण देतो. २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. दोन स्तंभ एकाच कागदावर काढा म्हणायचं. १ सेमी म्हणजे १० मिमी घेतलं तर सांताक्रूझचा स्तंभ ९४ सेमीचा, कागद पुरत नाही, पोरं कागदाला कागद चिकटवायला लागतात. १ सेमी म्हणजे ५० घेतलं तर एकोणीस सेमीच्या आसपास, बसतो, पण कुलाब्याचा दीड सेमीचा राहतो. मग मुलंच विचारतात की सर, एकाच शहरात एवढा फरक? तिथून ढगांवर गाडी जाते आणि माझा तास संपतो.

लोकलमधली
त्या दिवशी मी सांताक्रूझच्या स्तंभात होते. रात्र ऑफिसात काढली आणि सासूबाई कुलाब्यातून फोनवर विचारत होत्या की एवढासा पाऊस आणि घरी कशी येत नाहीस.

फूटपट्टी
आज एक गंमत म्हणा नाहीतर वैताग म्हणा. एका गटाचे सगळे ठिपके तंतोतंत रेषेवर, एकही इकडे तिकडे नाही. तक्ता बघितला तर परीघ १७८.९८, १८८.४० असे आकडे. मिमीच्या पट्टीवर .९८ कुठून वाचलं बाबांनो? तर गणिताच्या तासाला पाय झालेला होता, म्हणून पोरांनी बांगडी मोजलीच नाही, व्यासाला ३.१४ ने गुणून तक्ता भरला. वर मला म्हणतात बाई आमचं सगळ्यात बरोबर आलंय.

आणि खरं सांगू का, बरोबरच आलं नाही. त्यांनी आतला व्यास गुणला म्हणून १७९, बाकी सगळ्या वर्गाचं १९२ च्या जवळपास, कारण कागद बाहेरून.

टूलरूम
पकडले गेले की मग! आमच्याकडे इन्स्पेक्शन रिपोर्टात सगळी रीडिंग एकसारखी आली की साहेब पहिल्यांदा विचारतो, गेज (मोजायचं साधन) लावला होतास का.

बीकर
ही सवय फार खोल असते. पुण्यात पाणी उकळतं ९८ च्या आसपास, कारण शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. थर्मामीटर ९८ दाखवतोय आणि मुलं वहीत १०० लिहितात, कारण पुस्तकात १०० आहे. मी विचारायचो, काय वाचलंस? सर, ९८, पण थर्मामीटर खराब आहे. महाबळेश्वरला नेलं तर ९५-९६ दाखवेल, तोही खराबच म्हणतील.

मी एक नियम केला होता. तक्त्यात आकडा पेनाने लिहायचा आणि खोडायचा नाही. संशय आला तर त्याला गोल करायचा आणि शेजारी पुन्हा मोजून लिहायचा. मार्क गोलाला पण.

लोकलमधली
गोलाला मार्क! आमच्या शाळेत खाडाखोड केली की अर्धा जातो.

फूटपट्टी
बीकर काका, नियम उचलला. उद्यापासून पेन.

बाकी एक-आठ आणि दोनची बांगडी घातल्यावर काय झालं ते सांगायचं राहिलं. काकण ताईंनी सांगितल्यासारख्या एकाच बनावटीच्या मिळाल्या. आता निळी रेषा बहुतेक गटांची १० ते १५ च्या मध्ये कापते. एकाची १९, त्यांची कागदाची पट्टी रुंद होती आणि तिरकी गुंडाळली गेली होती, पुन्हा करायला सांगितलंय. गुणाकारवाल्या गटाला पण.

पुढचा प्रयोग लंबक घ्यावा म्हणते. दोरा, धोंडा आणि कुणाच्या तरी मोबाईलचं स्टॉपवॉच. काही सांभाळायचं असेल तर आधीच सांगा.

टूलरूम
लांबी कुठपर्यंत मोजतात ते बघा. धोंड्याच्या मध्यापर्यंत मोजायची, मुलं गाठीपर्यंत मोजतात. प्रत्येक लांबी तेवढ्यानेच कमी, म्हणजे परत बांगडीचाच प्रकार.

बीकर
१० झोके मोजून दहाने भागा, एका झोक्याला बोट दाबण्यातच चूक जास्त. २५ सेमीला १० झोक्यांना साधारण १० सेकंद, १ मीटरला २० सेकंद. लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट, म्हणून लांबी आणि वेळेचा आलेख वाकडा येईल, घाबरू नका. वेळेचा वर्ग करून लांबीसमोर मांडला की सरळ होतो, पण ते आठवीला ठेवा. लांब्या १०, २०, ४०, ६०, ८०, १०० अशा पसरून घ्या, पुन्हा कोपऱ्यात दाटी नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोजणी. मुलं धोंडा सोडतानाच "एक" म्हणतात. मग "दहा" म्हणेपर्यंत झोके होतात नऊ. सोडताना "शून्य" म्हणायला लावा. कारण ही चूक तुमचा आलेख पकडणार नाही. प्रत्येक वेळ दहा टक्क्यांनी कमी येईल, पण आकार तोच, वाकडी रेषा तशीच छान, वर्ग केला तरी सरळ आणि शून्यातूनच जाणार. बांगडीत चूक सगळीकडे सारखी मिळवली गेली होती म्हणून रेषा उचलली गेली. इथे चूक गुणली जाते, रेषा फक्त थोडी झोपते. १ मीटरला २० च्या ऐवजी १८ आलं तर समजा कुणीतरी एकपासून मोजलंय.

फूटपट्टी
हे भारी आहे काका. मुलांना आधी सांगू की नको सांगू? एका गटाला शून्याने आणि एका गटाला एकने मोजू द्यावं आणि दोन्ही आलेख फळ्यावर शेजारी लावावेत असं डोक्यात येतंय.

बीकर
नका सांगू. लांब्या मात्र दोन्ही गटांना त्याच द्या, नाहीतर शेजारी लावून उपयोग नाही.

तिरशिंगराव
आणि धोंडा घट्ट बांधा ताई, आमच्या वेळी एकाचा सुटून खिडकीबाहेर गेला होता. त्याचा आलेख कुणी काढला नाही.